तोंड सडण्याचा दिवस

वरच्या मजल्यावरचा गोरा मूर्ख आहे, हे मी सात वर्षं सांगतेय, आणि आमच्या गल्लीत आजवर कुणी ते खोडून काढलेलं नाही. नाव वाउटर. डच माणूस, वय एकोणसत्तर. तिकडे कुठल्याशा नगरपालिकेत गटारांचा तपासनीस होता म्हणे, आणि निवृत्त झाल्यावर जगातली सगळी गावं सोडून हा बाबा चियांग माईत माझ्याच घरात येऊन पडला. भाडं वेळेवर देतो, दारू बेताची पितो, बाया आणत नाही. झालं, गुण संपले.

सोंगक्रान जवळ आला की याच्या अंगात येतं. नव्या वर्षाला सगळं गाव पाणी खेळतं, आणि हा पाण्यापासून लपतो. दहा एप्रिललाच डब्यातले मासे, पाव, चीज भरून ठेवणार, खिडक्यांना प्लास्टिक चिकटवणार, कानात बोळे घालणार, आणि आठवडाभर जिना म्हणून उतरणार नाही. उतरलाच तर अंगणापुरता. वर मलाच अक्कल शिकवणार, की फोंगखामबाई, भर उन्हाळ्यात एवढं पाणी वाया घालवता, तुमच्या लोकांना काही वाटत नाही का? ज्याचा देश समुद्राच्या खाली आहे त्याने आम्हाला पाण्याचं सांगावं. मी एकदा म्हटलं, तुम्ही तुमचं घेऊन जा थोडं. तर वहीत काहीतरी लिहून ठेवलंन. बहुधा विनोद असेल म्हणून.

खरं सांगायचं तर जुन्या शहराभोवतीच्या खंदकाकाठी जी उघडीनागडी गोरी मंडळी पिचकाऱ्यांच्या बंदुका घेऊन नाचतात, त्यांच्यापेक्षा हा परवडला. त्यांना वाटतं सण म्हणजे बंदूक. पण मूर्ख तो मूर्खच, लहान काय आणि मोठा काय.

माझी जीभ अशी आहे. बासष्ट वर्षांत ती कुणी आवरली नाही. नवरा होता तो आवरायला गेला नाही, म्हणून सुखाने मेला. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस माझे असतात. एक दिवस तेवढा माझा नाही.

तेरा एप्रिलला जुनं वर्ष जातं आणि पंधराला नवं बसतं. मधला चौदावा दिवस ना इकडचा ना तिकडचा. आमच्या उत्तरेत त्याला सडका दिवस म्हणतात. त्या दिवशी शिवी द्यायची नाही, कुणाला वाईट बोलायचं नाही, भांडायचं नाही. बोललात तर वर्षभर तोंड सडतं, आणि बोललेलं लागतं. हे लहानपणापासून ऐकलेलं. मी पाळते, पण मानत नाही. निदान मानत नव्हते.

चार वर्षांपूर्वीच्या सडक्या दिवशी माझा मुलगा इनसॉन बायकोला घेऊन घरी आला होता. तिकडे चोनबुरीत गाड्यांच्या कारखान्यात असतो. बायको ईशान्येकडची, रोई एतची, नाव लामदुआन, केस कापण्याच्या दुकानात काम करणारी. आपल्याकडच्या चार चांगल्या मुली सोडून याने ही आणली. तिला तिसरा महिना होता. माझ्या स्वयंपाकघरात बसून ती कच्च्या पपईची कोशिंबीर सडक्या माशांचं पाणी घालून खात होती, आणि तो वास माझ्या पडद्यांत शिरत होता. मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "कच्चं खाणाऱ्या झाडाचं फळ कच्चंच गळतं."

तिने वाटी खाली ठेवली. बाकी काही नाही. महिन्याभराने इनसॉनचा फोन आला की पोर राहिलं नाही.

त्याच वर्षी माझी उजवीकडची दाढ किडली आणि काढावी लागली. दाढा सगळ्यांच्याच किडतात.

त्यानंतर ती दोघं आली नाहीत. तीन सोंगक्रान मी व्हरांड्यात चटई टाकून, चांगलं लुगडं नेसून बसले, शेजारपाजारच्या लेकीसुना येऊन हातावर पाणी ओतून गेल्या, आणि माझ्या स्वतःच्या घरातलं कुणी आलं नाही. शेजारची बुआलोय दरवर्षी विचारायची, यंदा इनसॉन नाही का? तिला माहीत असायचं. मुद्दाम विचारायची.

यंदा मार्चमध्ये इनसॉनने फोन केला. लामदुआनला पाचवा महिना आहे म्हणाला. चौदाला येतो, पंधराला तुझ्या हातावर पाणी घालतो. मग म्हणाला, "आई, ती रात्ररात्र झोपत नाही. ज्या तोंडाने बोललीस त्याच तोंडाने ते परत घे. तिला बाकी काही नको."

मी म्हटलं, बघू.

बघू काय, बघण्यासारखं काय होतं त्यात? आपल्याकडे लहानांनी मोठ्यांकडे यायचं असतं. हातावर पाणी ओतायचं, वर्षभरात चुकलंमाकलं पोटात घाला म्हणायचं. मोठ्यांनी आशीर्वाद द्यायचा. उलटं होत नाही. माझ्या सासूने माझी माफी कधी मागितली नाही, आणि ती बाई माझ्याशी काय काय वागली ते सांगायला बसले तर पुढचा सोंगक्रान येईल. तिच्या सासूने तिची मागितली नाही. मीच कशाला रीत मोडू? आणि मागायची ठरवली तरी कोणत्या शब्दांत मागतात हे कुणाला ठाऊक आहे? रीत नाही तिथे शब्दही नसतात.

तरी पाणी मात्र मी नीट केलं. का, ते विचारू नका. शिकेकाईच्या शेंगा बुआलोयच्या आईच्या झाडाच्या होत्या. झाड मागच्या पावसात पडलं, शेवटच्या मूठभर शेंगा मी डब्यात जपल्या होत्या. त्या निखाऱ्यावर भाजल्या, मोडून पाण्यात टाकल्या, वर करडईच्या पाकळ्या सोडल्या, आणि मातीचं मडकं अंगणात सावलीला ठेवलं. दोन दिवसांत पाण्याला चहासारखा रंग चढला आणि वास असा सुटला की मला माझी आई आठवली.

चौदाला सकाळी मी डबाभर वाळू घेऊन देवळात गेले. वर्षभर आपल्या पायांना लागून देवळाची वाळू बाहेर जाते, ती परत नेऊन टाकायची असते. परत आले तर मडकं भिंतीवर पालथं, उन्हात वाळत घातलेलं. खाली लिंबाच्या झाडाच्या मुळाशी माझ्या शेंगा आणि माझ्या पाकळ्या. आणि शेजारी वाउटर, हात झटकत, तोंडावर समाधान.

"डेंग्यू," तो म्हणाला. "पाण्यात कचरा कुजत होता. मी काढून टाकलं."

दोन वर्षांपूर्वी त्याला डेंग्यू झाला होता. अकरा दिवस मी त्याला पेज भरवली. माया म्हणून नव्हे, घरात मेला असता तर पोलिसांचे हेलपाटे कुणी घातले असते? तेव्हापासून हा अंगणभर हिंडून दिसेल ते भांडं पालथं करत असतो. एकदा तर घराच्या देवतेपुढचा पाण्याचा पेलाही ओतून आला होता. गटारांचा तपासनीस तो, त्याला साचलेलं पाणी बघवत नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिभेवर काय काय आलं ते एकसुद्धा लिहिण्यासारखं नाही. आणि दिवस कोणता, तर तो. कुंपणापलीकडून बुआलोय बघत होती. हसू आवरत म्हणाली, "बोल ना फोंगखाम, बोल. असं पोटात ठेवू नये, आजारी पडशील."

मी खारवलेल्या चहापानांचा एक विडा उचलला आणि जिभेला हलायला जागाच राहू नये म्हणून तोंडात कोंबला. चावून झाल्यावर म्हटलं, "छान केलंत."

"त्यात काय," वाउटर म्हणाला, आणि शीळ घालत जिना चढला. त्याला खरंच वाटलं.

दुपारी बाराच्या सुमारास इनसॉन आणि लामदुआन आली. तिने वाकून हात जोडले. पोट दिसत होतं. तब्येत चांगली होती, केस छान बांधले होते, आणि हे मला मुळीच आवडलं नाही. मी म्हटलं, ये. ती म्हणाली, आले. तेवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्यासाठी चिकट तांदळाच्या पिठात नारळाचं सारण भरून केळीच्या पानात बांधायचं होतं. ती न सांगता चटईवर येऊन बसली आणि पानं पुसायला लागली. दोन तास आम्ही समोरासमोर बसून पुड्या बांधल्या. तिच्या पुड्या माझ्यापेक्षा नीट होत होत्या, कोपरे धारदार, एकातूनही सारण बाहेर नाही. वाईट बोलायची बंदी होती, आणि चांगलं बोलायची मला सवय नाही, म्हणून मी काहीच बोलले नाही. मधूनच तिचा एक हात पोटावर जायचा आणि माझ्याकडे बघून परत पानाकडे यायचा. मी काय वाघीण आहे? पण तो हात मला दिवसभर दिसत राहिला.

इनसॉनला पालथं मडकं दिसलं. त्याने विचारलं, मी सांगितलं. तो वर गेला आणि वाउटरला इंग्रजीत काय ते समजावलं. जिन्याखालून मला ऐकू येत होतं. मग दार वाजलं, आणि सात वर्षांत सोंगक्रानच्या दिवसांत कधी घराबाहेर न पडलेला माणूस छत्री घेऊन फाटकाबाहेर गेला. छत्री! खंदकावरून बाजाराला जायचं, चौदा एप्रिलला, आणि छत्री.

चार वाजता परत आला. छत्रीचा पत्ता नव्हता. डोक्यापासून पायापर्यंत निथळत होता, ओठ निळे पडले होते, गालांवर, चष्म्यावर, कानांतसुद्धा पांढरी पावडर थापलेली. खंदकाकाठच्या त्या उघड्या गोऱ्यांनीच त्याला गाठून बर्फाच्या पाण्याने न्हाऊ घातलं होतं म्हणे. बाजारातल्या भाजीवाल्यांनी गाल रंगवले. एका हातात प्लास्टिकची पिशवी होती, ती मात्र त्याने सबंध वाट डोक्यावर धरून कोरडी आणली होती. आत शिकेकाईच्या शेंगा. मला इतका आनंद झाला त्याचं ते ध्यान बघून की सांगता सोय नाही. वाईट बोलायची बंदी असते, मनातल्या मनात खूश व्हायची नसते. तो पिशवी घेऊन वर जाईपर्यंत मी पोटभर बघून घेतलं.

ऊन उतरल्यावर इनसॉन माझ्याजवळ येऊन बसला. उद्या काय ते विचारलं. मी म्हटलं, उद्या ती माझ्या हातावर पाणी ओतेल, मी आशीर्वाद देईन, जसा सगळ्यांना देते तसा. त्यात सगळं आलं. तो म्हणाला, नाही आलं, आई. सगळ्यांना देतेस तो नको आहे तिला. मी म्हटलं, मोठ्यांनी लहानांपुढे नाक घासायची रीत तुझ्या सासरी असेल. हे वाईट बोलणं होतं का नव्हतं, मला अजून ठरवता आलेलं नाही. लामदुआन दाराआड उभी होती. तिने ऐकलं. तिने आत जाऊन पिशवी भरायला घेतली.

इनसॉन म्हणाला, "उद्या पाणी घालतो आणि दुपारच्या गाडीने निघतो. परत आणणार नाही मी तिला."

पंधराला सकाळी मी तपकिरी काठाचं लुगडं नेसले, केसांत फूल खोवलं आणि व्हरांड्यात चटईवर बसले. गल्लीतली माणसं घराघरांत जात होती. बुआलोय आपल्या दोन सुनांना घेऊन आली होती, आणखी चारपाच जणी होत्या. इनसॉनने साधंच पाणी ओतलं, आशीर्वाद घेतला. आता लामदुआनची पाळी. तेवढ्यात जिना करकरला.

वाउटर उतरला. इस्त्रीचा सदरा घातलेला, केस चापून बसवलेले, हातात त्याचं अंडी फेटायचं स्टीलचं भांडं. त्यात पाणी आणि त्यात न भाजलेल्या, न मोडलेल्या, अख्ख्याच्या अख्ख्या शेंगा तरंगत होत्या. सरळ माझ्यापुढे आला. आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, दोन्ही कडकड वाजले. आणि माझ्या हातांवर पाणी ओतून त्याच्या त्या मोडक्या बोलीत म्हणाला, "चूक माझी झाली. मला माफ करा."

सगळ्या हसल्या. हसणारच. एकोणसत्तर वर्षांचा म्हातारा बासष्ट वर्षांच्या बाईपुढे गुडघे टेकून बसलाय. बुआलोयने तर तोंडावर पदर धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि सडका दिवस संपलेला होता, त्यामुळे आदल्या दिवसापासून दाबून ठेवलेलं सगळं सुटलं. मी म्हटलं, अहो शहाणे, सात वर्षं इथलं खाताय, एवढं कळत नाही? तुम्ही वयाने मोठे आहात. मोठ्याने लहानाची माफी मागायची नसते. पाणी मी तुमच्या हातावर ओतायचं, तुम्ही माझ्या नाही. माझ्या आयुष्यातली वर्ष-दोन वर्षं तरी कमी केलीत. उठा, लोक हसतायत. आणखीही बरंच म्हटलं.

तो उठला नाही. गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण मडकं मी ओतलं. तुम्ही नाही. मग पाणी कोण घालणार?"

हसणं थांबलं. कुणी थांबवलं असं नाही, आपोआप थांबलं. माझ्या तोंडात उत्तर होतं, नेहमी असतं. पण लामदुआन बघत होती. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. मी तोंड मिटलं.

मग ती पुढे आली. त्याच्या हातातून भांडं घेतलं. मी हात पुढे केले, तळवे वर करून, दरवर्षी करते तसे. ती माझ्यासमोरून वळली, एका हाताने पोट सावरत खाली बसली, आणि भांडं वाउटरपुढे धरलं.

"काका," ती म्हणाली, "या घरात तुम्ही सगळ्यांत मोठे. मला आशीर्वाद द्या."

आणि त्याच्या हातांवर पाणी ओतून, मान खाली घालून बसून राहिली.

माझे हात तसेच पुढे होते. बुआलोयने ते पाहिले आणि तिने, आयुष्यात पहिल्यांदाच, दुसरीकडे बघितलं. ती दया मला सगळ्यांत जास्त झोंबली. मी हात मांडीवर घेतले. इनसॉन खांबाला टेकून उभा होता, पिशवी पायाशी.

वाउटरला आशीर्वाद येत असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्याला कुठून येणार? पाणी ओतलं की मोठ्या माणसाने आशीर्वाद म्हणायचा असतो एवढंही त्याला कळेना. हातांवरून पाणी ठिबकतंय, समोर पोटुशी बाई मान खाली घालून बसलीय, आणि हा ठोंब्या माझ्याकडे बघतोय. शेवटी घसा खाकरून म्हणाला, "गाडी हळू चालवा." तो बाहेर निघताना मी त्याला रोज म्हणते ना, भलं चिंतायचं म्हणून तेवढंच त्याला येतं.

कुणी हसलं नाही. लामदुआनचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मला दिसेना. मला इतकंच दिसलं की तिचा हात पुन्हा पोटावर गेला होता, आणि ती उठत नव्हती. आशीर्वाद घेतल्याशिवाय उठायचं नसतं. अशा बाईला किती वेळ तसं बसवायचं?

"अहो, असं नाही," मी म्हटलं. "मी सांगते तसं म्हणा माझ्यामागून. आयुष्य लाभो."

"आयुष्य लाभो," वाउटर म्हणाला.

"रूप लाभो, सुख लाभो, बळ लाभो."

तो म्हणाला. सगळं वाकडंतिकडं, पण म्हणाला. इथवरचा सगळ्यांना देतात तो आशीर्वाद. यानंतर हात डोक्यावर ठेवायचा आणि संपलं. वाउटर थांबून माझ्या तोंडाकडे बघत होता. लामदुआन मान वर करत नव्हती. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. ही माझी जीभ, जी कधी कशाला अडली नाही.

"म्हणा," मी म्हटलं. आवाज माझा वाटेना मला. "तुझ्या झाडाचं फळ झाडावरच पिको."

"तुझ्या झाडाचं फळ," तो म्हणाला, "झाडावरच पिको."

"कच्चं गळणार नाही."

"कच्चं गळणार नाही."

"जे बोललं गेलं ते वाऱ्यावर गेलं. ते तुझं नाही. जो बोलला त्याचंच तोंड सडो."

हे लांब होतं, त्याला जमेना. मधल्या मधे अडकला. लामदुआनने मान वर केली. तिचे डोळे भरले होते, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

मी ते त्याला तीनदा म्हणायला लावलं. उच्चार चुकत होते म्हणून.